सुरक्षा क्लिनिक, सिव्हिल हॉस्पिटल: दोघांचा केस पेपर निघाला तेव्हा कुठे सुटले

आमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलमधल्या सुरक्षा क्लिनिकबद्दल लिहितेय, कारण जायच्या आधी मी चार दिवस मोबाईलवर शोधत होते की तिथे कोण बसतं, काय विचारतात, साध्या घरच्या बायका जातात का, आणि मराठीत कोणी काही लिहिलेलं सापडलंच नाही. गावाचं नाव टाकत नाही, पतसंस्थेत काउंटरला बसते, अर्धं गाव ओळखतं. पण सुरक्षा क्लिनिक नावाची लैंगिक आजारांची खोली बहुतेक सगळ्या सिव्हिलमध्ये आणि मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये असते, राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून चालवतात, त्यामुळे माझा अनुभव दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाईलाही उपयोगी पडेल.

मागच्या पावसाळ्यात सुरू झालं. अंगावरून पांढरं जाणं बायकांना नवीन नाही, पाळीच्या आधी थोडं जातंच, पण हे वेगळं होतं, पिवळट हिरवं, फेस आल्यासारखं, आणि वास. दुपारी काउंटरवर बसले की स्वतःलाच वास यायचा आणि कोणी पासबुक घेऊन पुढे वाकलं की मी खुर्ची मागे सरकवायचे. रात्री खाज, इतकी की झोप मोडायची, लघवीला गेलं की आग. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली उष्णता झालीय, सब्जा पी, तांदळाच्या धुवणात खडीसाखर घालून घे. सासूबाईंनी शतावरी आणली. दोघींनी मायेनं सांगितलं, मी महिनाभर सगळं घेतलं, आणि वर स्वतःच्या मनानं गरम पाण्यात अँटिसेप्टिक टाकून रोज दोनदा आतून धुवायला लागले, ते तर फारच चुकलं, पुढे सांगते.

मग तीन ठिकाणं झाली. पहिल्या डॉक्टरांनी लांबूनच ऐकलं, लघवी तपासायला लावली, रिपोर्टमध्ये पस सेल्स आल्या म्हणून युरिन इन्फेक्शन सांगून पाच दिवसांची अँटिबायोटिक दिली. काहीच फरक नाही. दुसऱ्यांदा मेडिकलवाल्यालाच विचारलं, त्यानं बुरशीची आत ठेवायची गोळी दिली, सहा रात्री ठेवली, खाज थोडी कमी झाल्यासारखी वाटली, डिस्चार्ज तसाच. तिसऱ्यांदा तालुक्याच्या गावी एका मॅडमकडे गेले, त्यांनी एकदाच घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि चौथ्या दिवशी खरंच सगळं थांबलं, मला रडू आलं इतकं बरं वाटलं. अडीच आठवड्यांनी परत सुरू. तीन ठिकाणचे मिळून साडेचार हजार गेले आणि या तिघांपैकी एकानेही मला टेबलावर झोपवून तपासलं नाही, आणि तुमच्या मिस्टरांना औषध दिलं का हे एकानेही विचारलं नाही. आता मागे वळून बघितलं की हीच एक गोष्ट सगळ्यात जास्त लागते, कारण तिसऱ्या ठिकाणचं औषध बरोबर होतं, फक्त ते एकट्या मला दिलेलं होतं.

सिव्हिलचं आमच्या वॉर्डातल्या आशाताईंनी सुचवलं. त्या बाळांच्या डोसाची यादी करायला आल्या होत्या, मी चहा दिला आणि बोलता बोलता सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "अगं सिव्हिलला सुरक्षा क्लिनिक आहे, तिथे जा, आत घेऊन तपासतात, आणि एकटी जाऊ नकोस, भाऊजींना घेऊन जा." मला आधी कसंतरी झालं. लैंगिक आजारांची खोली म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जे येतं तेच माझ्याही आलं. तरी गेले, पण एकटीच. आशाताईंचं अर्धंच ऐकलं.

केस पेपरला पैसे लागले नाहीत. आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत हे मला माहीतच नव्हतं, मी खिडकीपाशी दहाची नोट धरून उभी होते. खिडकीवरच्या माणसाला "पांढरं जातंय" एवढंच म्हटलं, त्यानं मान वर न करता खोली नंबर लिहून दिला. नाव मोठ्यानं पुकारलं नाही, विभाग मोठ्यानं बोलला नाही. एवढ्या साध्या गोष्टीचंही किती बरं वाटतं ते त्या रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

खोलीबाहेर बाकडी. माझ्या आधी सहा सात बायका होत्या. एक जण डोक्यावर पदर घट्ट ओढून बसलेली, एक कॉलेजची वाटत होती, दोघी शेतातून थेट आल्यासारख्या, पायाला चिखल. मला तिथे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास आठवला, मी तो पूर्वी एका लेखात वाचलेला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक अवयवांचा काही ना काही आजार निघाला, आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. वाचलं तेव्हा मला ते गडचिरोलीचं आणि जुनं वाटलं होतं. त्या बाकड्यावर बसून हिशेब केला तर माझं वय चौतीस, दोन बाळंतपणं झालेली, आणि त्रासासाठी म्हणून आतून तपासणी करायची माझी पहिलीच वेळ.

आत एक डॉक्टर मॅडम, एक सिस्टर, पडदा, टेबल. मॅडमनी प्रश्न विचारले ते सरळ विचारले. कधीपासून, रंग कसा, वास कसा, संबंधाच्या वेळी दुखतं का, नंतर रक्त दिसतं का, ओटीपोटात दुखतं का, पाळी कधीची, गरोदर नाही ना, आतापर्यंत कोणकोणत्या गोळ्या झाल्या, आणि शेवटी तो प्रश्न, "मिस्टर आलेत का सोबत?" मी म्हटलं त्यांना काहीच त्रास नाही. मॅडम म्हणाल्या, "नसेलच. पुरुषांना बहुतेक नसतोच. म्हणूनच विचारतेय."

तपासणीला मी फार घाबरले होते. स्पेक्युलम म्हणजे बदकाच्या चोचीसारखं असतं ते, घालताना गार लागतं, ओढल्यासारखं होतं, पण सिस्टरनी आधी सगळं सांगितलं, आता गार लागेल, आता श्वास सोडा, आता कापूस लावतेय, आणि एकदाही "पाय नीट ठेव" असं खेकसल्या नाहीत. मॅडमनी एक कागदाची पट्टी लावून रंग बघितला, आम्लता मोजायची पट्टी. निरोगी बाईत आतला पीएच साधारण साडेचारच्या खाली असतो, आंबटसर, कारण तिथे चांगले जंतू असतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद, ते आम्ल तयार करून बाकीच्यांना हाकलून लावतात. माझी पट्टी त्याच्या बरीच वर गेलेली. इथे मी अँटिसेप्टिकनं धुवायचं सांगितलं आणि मॅडमनी कपाळाला हात लावला नाही, ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की आतून काहीच धुवायचं नसतं, साबण नाही, लिक्विड नाही, तुम्ही राखण करणाऱ्यांनाच रोज दोनदा धुवून काढत होतात. बाहेरून साधं पाणी, बस.

मग स्वॅब घेतला आणि ही गोष्ट मला या क्लिनिकची सगळ्यात आवडली म्हणून सविस्तर लिहितेय. सिस्टरनी काचेच्या पट्टीवर सलाइनचा एक थेंब टाकला, त्यात स्वॅब फिरवला, वर पातळ काच ठेवली आणि ती पट्टी हातातच घेऊन जवळजवळ पळत शेजारच्या लॅबमध्ये गेल्या. मी कपडे सावरून मागोमाग गेले. लॅबमधल्या दादांनी हातातलं दुसरं काम बाजूला सारून लगेच ती मायक्रोस्कोपखाली घेतली. मी विचारलं एवढी घाई कशाला, तर म्हणाले, "ताई, हा जीव हलताना दिसला तरच ओळखू येतो. गार पडला, सुकला, की थांबतो, आणि थांबला की पांढऱ्या पेशींमध्ये पांढरी पेशीच वाटतो, आकार साधारण तेवढाच." दोन मिनिटांत म्हणाले, "हं, आहे." आणि मग विचारलं, बघायचंय का?

मी बघितलं. आधी नुसता उजेड, मग चपट्या चपट्या मोठ्या पेशी, फाटलेल्या पानांसारख्या, त्यांच्या कडेला बारीक गोल दाणे, आणि त्या दाण्यांमध्ये एक होता जो थरथरत होता. पेअरच्या फळासारखा, एका बाजूला निमुळता. पोहत नव्हता सरळ, झटके देत होता, वळत होता, जागच्या जागी गिरकी घेत होता. दादांनी सांगितलं त्याला पुढे चार बारीक चाबकासारखे धागे असतात आणि पाचवा अंगाच्या कडेनं एका पडद्याला लागून मागे जातो, त्यानंच तो असा हलतो. मग दुसरा दिसला, मग तिसरा. तीन महिने मला उष्णता, युरिन इन्फेक्शन, बुरशी अशी नावं सांगितली गेली आणि खरं कारण तिथे काचेखाली हलत होतं. किळस यायला हवी होती कदाचित, पण मला सुटल्यासारखं झालं. काहीतरी आहे. मनाचं नाही.

त्याचं नाव ट्रायकोमोनास, आजाराला ट्रायकोमोनियासिस म्हणतात, बोलीत सगळे ट्रायकच म्हणतात. विषाणू नाही, जिवाणू नाही, एका पेशीचा परजीवी आहे. घरी आल्यावर वाचलं तर आल्फ्रेड दोने नावाच्या डॉक्टरनी १८३६ साली पॅरिसमध्ये हा पहिल्यांदा बघितला, असाच, ताजा थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवून. जवळजवळ दोनशे वर्षं जुनी तपासणी आहे, काच, थेंब आणि बघणारा माणूस एवढंच लागतं, आणि तीन ठिकाणी ती झाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे की त्या एका वर्षात जगात ट्रायकच्या सुमारे १५ कोटी ६० लाख नव्या लागणी झाल्या. बऱ्या होणाऱ्या चार लैंगिक आजारांमध्ये हा सगळ्यात जास्त, क्लॅमिडिया सुमारे १२ कोटी ९० लाख, गनोरिया ८ कोटी २० लाख, सिफिलिस ७१ लाख. एवढा पसरलेला आणि आपल्याकडे दहा बायकांना विचारा, नाव ऐकलेली एक सापडायची नाही. मी पण नव्हतं ऐकलं.

एक मात्र मॅडमनी स्पष्ट सांगितलं, की या स्लाइडवर दिसला तर पक्का आहे, पण दिसला नाही म्हणजे नाहीच असं धरायचं नाही, ही तपासणी बऱ्याच जणींचा आजार चुकवते, तीनातली एक तरी सुटते आणि कधी कधी त्याहून जास्त. पीसीआरसारखी जी नवी तपासणी आहे ती खूप नेमकी, पण आमच्या सिव्हिलला नाही, बाहेर मोठ्या लॅबला पाठवावं लागतं आणि महाग पडतं. म्हणून इथे स्लाइडवर काही सापडलं नाही तरी लक्षणं बघून किट देतात. किट म्हणजे रंगीत पाकिटं असतात, प्रत्येक लक्षणांच्या गटाला एक रंग. योनीतून डिस्चार्जसाठी हिरवं, त्यात सेक्निडाझोल दोन ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० असतं, पहिलं ट्रायक आणि जिवाणूंच्या डिस्चार्जसाठी, दुसरं बुरशीसाठी. ओटीपोटात दुखणं असेल तर पिवळं, दोन आठवड्यांचं. माझ्या शेजारी बसलेल्या काकूंना हिरवं मिळालं, त्यांनी पाकीट ब्लाउजमध्ये सरकवलं आणि मला म्हणाल्या, "मेथीच्या जुडीसारखा रंग आहे, ध्यानात राहतो."

मला किट दिलं नाही. एकदा थांबून परतलेलं होतं आणि स्लाइडवर दिसलेलं होतं म्हणून मॅडमनी मेट्रोनिडाझोल ४००, सकाळ संध्याकाळ, सात दिवस दिली. म्हणाल्या, बायकांमध्ये एका डोसपेक्षा सात दिवसांचा कोर्स जास्त लागू पडतो. गोळी बघितली तर ओळखीची निघाली, आपण जुलाबाला घेतो तीच! मुलाला जुलाब झाले की घरात हिचीच पट्टी असते. १९६० च्या आसपास फ्रान्समध्ये ही ट्रायकसाठीच पहिल्यांदा वापरात आली, अमीबाच्या जुलाबासाठी नंतर, मला ते उलटंच वाटलं होतं. घरात औषध होतं आणि मी तीन महिने खाजवत होते, हे वाटलं खरं, पण म्हणून कोणी मनानं घेऊ नका, कारण डिस्चार्जची कारणं वेगवेगळी असतात आणि मी मेडिकलवरून मनानं घेऊन काय झालं ते वर लिहिलंच आहे. गोळीनं तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव येते, चहा नको वाटतो, दोन दिवस मळमळलं, लघवी गडद झाली, ते सगळं आधी सांगितलेलं असल्यामुळे घाबरले नाही. जेवणानंतर घ्यायची आणि दारू अजिबात नाही, हे मॅडमनी यांच्यासाठी सांगितलं.

आता यांचा विषय. मॅडमनी गोळ्या हातात देताना सांगितलं, उद्या मिस्टरांना आणा, ते येईपर्यंत आणि दोघांचं औषध संपून सात दिवस होईपर्यंत संबंध नको. आणि काउन्सेलर ताईंकडे पाठवलं. त्यांची खोली वेगळी आहे, दार लागतं. त्यांनी जोडीदारासाठी एक कार्ड दिलं, त्यावर आजाराचं नाव मोठ्या अक्षरात वगैरे नाही, तेवढं दाखवलं की पुन्हा सगळं सांगत बसावं लागत नाही. मी तिथे बसून जे विचारायचं होतं ते विचारलं. हे कुठून आलं? मी म्हटलं आमच्या ऑफिसचं टॉयलेट सार्वजनिक आहे, बाजारातले लोक पण येतात, तिथून आलं असेल ना? मला त्यांनी हो म्हणावं असं फार वाटत होतं. त्या हो म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, ओलसर जागी हा जीव थोडा वेळ तग धरतो, पण मोठ्या माणसांत हा आजार पसरतो तो संबंधातूनच, संडासाला दोष दिला की नवऱ्याचं औषध राहून जातं.

मग मी दुसरं विचारलं. ते विचारताना माझा आवाज फुटत नव्हता. यांनीच आणलं का?

त्या लगेच बोलल्या नाहीत. पाण्याचा ग्लास पुढे केला. मग म्हणाल्या, "ताई, कोणाकडून कोणाला गेलं हे ती स्लाइड सांगत नाही. लागण झालेल्या दहातल्या सातांना काही जाणवतच नाही. लक्षणं आली तर पाच दिवसांत येतात, महिन्यानं येतात, कधी त्याहून उशिरा. बायकांच्या अंगात हा काही न करता महिनोनमहिने, कधी वर्षानुवर्षं राहतो. हा कालचा की लग्नाच्या आधीचा, तुमच्या बाजूचा की त्यांच्या, हे मला सांगता येणार नाही आणि कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दोघांना औषध द्यायचं, हे मात्र नक्की सांगते." हे त्यांनी पाठ केल्यासारखं म्हटलं नाही. माझ्याकडे बघत, थांबत थांबत म्हटलं.

घरी त्या रात्री सांगितलं. हे कारखान्यात आहेत, सेकंड शिफ्ट करून आले होते, मी ताट वाढून समोर बसले आणि कार्ड ठेवलं. पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणेच, "मला काय झालंय, मी कशाला गोळी खाऊ?" मग बराच वेळ दोघंही गप्प. नंतर बोललो, पहाटे तीनपर्यंत, ते काय बोललो ते आमच्या दोघांचं आहे, इथे लिहीत नाही. पण एवढं लिहिते की काउन्सेलर ताईंचं ते बोलणं माझ्याकडे नसतं तर मी त्या रात्री भांडणाने सुरुवात केली असती आणि दुसऱ्या दिवशी हे सिव्हिलला आलेच नसते.

आले. पुरुषांना तिथे वेगळे डॉक्टर बघतात. यांना विचारलं की लघवीला जळजळ, चिकट काही जातं का, काहीच नव्हतं. पुरुषांच्या मूत्रमार्गात हा राहतो, बऱ्याचदा आपोआप जातो पण तोपर्यंत देऊन जातो, आणि पुरुषांत सापडायलाही अवघड. म्हणून तपासणीत सापडो न सापडो, बायकोला निघालं की नवऱ्याला औषध. यांना एकदाच दोन ग्रॅम, समोर बसवून, पाण्याबरोबर. केस पेपर आता दोन होते, सिस्टरनी दोन्ही टाचणीनं एकत्र लावले. तीन महिन्यांत एवढी एकच गोष्ट राहिली होती.

काउन्सेलर ताईंनी दोघांना एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासणीबद्दल पण विचारलं. विचारलं हे महत्त्वाचं, आपोआप रक्त काढलं नाही, संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही असा २०१७ चा कायदा आहे आणि त्या तो पाळतात. कशासाठी ते पण सांगितलं, ट्रायकमुळे आतली त्वचा सुजते, बारीक बारीक रक्ताचे ठिपके येतात, तिथून एचआयव्हीला शिरायला सोपं जातं. आम्ही दोघांनी केली. रिपोर्ट दोघांचेही निगेटिव्ह, बंद खोलीत प्रत्येकाला वेगळा सांगितला. निरोधची पाकिटं ठेवलेली आहेत, मागावी लागत नाहीत, घ्यायची.

बाकड्यावर एक गरोदर मुलगी पण भेटली होती, ती गोळी घ्यायची का नको म्हणून घाबरलेली. मला नंतर माझ्या नणंदेसाठी हवं होतं म्हणून मी मॅडमना विचारून घेतलं. गरोदरपणात ट्रायक असेल तर दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचा आणि बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो, आणि मेट्रोनिडाझोल गरोदरपणात डॉक्टरांच्या सल्ल्यानं देता येते. तेव्हा पोटात बाळ आहे म्हणून डिस्चार्ज अंगावर काढू नका.

मला चौथ्या दिवशी फरक पडला, सातव्या दिवशी वास पूर्ण गेला. यावेळी अडीच आठवडे उलटले, तीन उलटले, महिना उलटला, मी रोज कपडे बघायचे. परत आलं नाही. हा आजार एकदा झाला की अंगात ताकद येऊन पुन्हा होत नाही असं काही नसतं, पुन्हा लागण झाली की पुन्हा होतो, आणि बऱ्याच जणींना तीन महिन्यांच्या आत परत होतो म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. गेले. तीच सिस्टर, तीच धावपळ, तीच काच. दादांनी बराच वेळ पट्टी इकडे तिकडे सरकवून बघितली आणि काही नाही म्हणाले. मी स्वतः डोळा लावला. पेशी होत्या, शांत. हलणारं काही दिसलं नाही.

आता जे चांगलं नाही ते पण लिहिते, आमच्या सिव्हिलपुरतं. बाकडी भर व्हरांड्यात आहेत, समोर छातीच्या ओपीडीची रांग, आणि क्लिनिकचा बोर्ड बरोबर त्यांच्या तोंडासमोर, आजारांची नावं लिहिलेला. तिथे बसलेल्या बाईला बघून समोरचे दोघं कुजबुजताना मी ऐकलंय. पडदा लावून बाकडी आत घेतली तरी निम्म्या बायका जास्त येतील, मी तसं लिहून तक्रारपेटीत टाकलंय. टॉयलेटची कडी तुटलेली आहे, जिथे लघवीचा नमुना द्यायला सांगतात तिथेच. गोळ्या साध्या कागदी पुडीत मिळाल्या, नाव नाही लिहिलेलं, मी परत जाऊन खिडकीवर लिहून घेतलं, तुम्ही पण घ्या. शनिवारी काउन्सेलर ताई नसतात. गर्दी सोमवारी प्रचंड, मी पहिल्या दिवशी पावणेतीन तास बसले.

तरी मी पाचपैकी साडेचार देते आणि तो अर्धा त्या व्हरांड्याचा कापलाय. मॅडम, सिस्टर, लॅबचे दादा आणि काउन्सेलर ताई, या चौघांपैकी एकानेही मला खाली मान घालायला लावली नाही. पैसे शून्य लागले. साडेचार हजारात जे झालं नाही ते इथे झालं, कारण इथे आत घेऊन तपासलं, ताबडतोब काचेखाली बघितलं आणि नवऱ्याला बोलावलं.

जायचं असेल तर मंगळवार बुधवार बघा. आधी विचारायचं असेल तर १०९७ हा एड्स नियंत्रणाचा टोल फ्री नंबर आहे, नाव न सांगता बोलता येतं, जवळचं सुरक्षा क्लिनिक कुठे आहे ते सांगतात, मराठीत बोलतात. जायच्या आदल्या रात्रीपासून आत काही औषध ठेवू नका, धुवू नका, संबंध नको, नाहीतर स्लाइड बिघडते. पाळी चालू असेल तर थांबा, पण पाळी संपली की लगेच जा, टाळू नका. आधी घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या असतील तर पिशवीत टाका, नावं आठवत बसावं लागत नाही. आमच्याकडे लॅब बारा वाजता नमुने घेणं थांबवते, त्यामुळे साडेनऊच्या आत केस पेपर काढा, आणि मिस्टरांची सुट्टी त्याच दिवशीची टाका, दोन खेपा वाचतात.